रोज एक सुकलेले फूल: दररोज नवी वस्तू घ्यावी, की तीच वस्तू पुन्हा पुन्हा टिपावी?

प्रश्न
शहादा, जि. नंदुरबार

सर्वांना नमस्कार. दिवाळीपासून मी रोज सकाळी एक सुकलेले फूल, शेंग, पान किंवा बी घेऊन त्याचे एकच छायाचित्र काढते. हा नेम धरताना काही बंधने मुद्दाम घालून घेतली. वस्तू आमच्या शेतातील, बांधावरील किंवा गोमाई नदीच्या काठावरील असावी, विकत आणलेली नसावी, आणि छायाचित्र घराच्या उत्तरेकडील खिडकीपाशी, दिवा न लावता, फोननेच काढावे. दसऱ्याच्या तोरणातील झेंडू, अंबाडीचे बोंड, उकललेले तिळाचे बोंड, दोन बियांच्या मध्ये आवळत गेलेली बाभळीची शेंग, रुईचे फुटलेले फळ आणि त्यातून सुटलेली म्हातारी असे बरेच काही आतापर्यंत टिपून झाले आहे.

या नेमाने मला जे दिले ते मी मनापासून मोलाचे मानते. वेचणी संपलेल्या कपाशीच्या शेतात पूर्वी मला फक्त उपटायच्या पऱ्हाट्या दिसत. आता रिकाम्या बोंडाचे कोरडे टरफल हातात घेतले, की त्याची बाहेरची बाजू किती खरबरीत आणि आतली बाजू किती गुळगुळीत आहे, हे पाहत मी थांबते. घरातील मंडळींनाही याची सवय झाली असून सासूबाई देवळातून येताना वाटेवरची एखादी शेंग आठवणीने घेऊन येतात.

आता माझ्यापुढे एक प्रश्न उभा आहे आणि त्यावर जाणकारांचे मत हवे आहे. माघ सरत आला असून शिवारातील ठळक वस्तू एकेकदा टिपून झाल्या आहेत. यापुढे रोज नवे काहीतरी शोधत दूरवर जावे, की एकच वस्तू घेऊन ती ताजी असल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत रोज तिचे छायाचित्र काढावे? पहिल्या पद्धतीत पाहण्यापेक्षा शोधण्यातच अधिक वेळ जाईल अशी शंका येते, आणि दुसऱ्या पद्धतीत चार दिवसांनी फरकच दिसेनासा झाला तर नेम टिकेल का, असे वाटते. याला जोडून दुसरी अडचण रंगांची आहे. फुलाचा जो रंग मला डोळ्यांना दिसतो तो फोनच्या पडद्यावर उतरत नाही. विशेषतः केशरी आणि तांबूस छटा मळकट दिसतात. थोड्याच दिवसांत सातपुड्याच्या पायथ्याशी पळस फुलेल. त्याआधी हे नीट समजून घ्यावे अशी इच्छा आहे.

उत्तर
धुळे, छायाचित्रकार

ताई, नमस्कार. मी पोटापाण्यासाठी लग्नसमारंभांची छायाचित्रे काढतो आणि उरलेल्या वेळात पांझरा नदीच्या काठावर सापडणाऱ्या वस्तूंची. तुमची बंधने मला फार योग्य वाटली. जागा आणि प्रकाश रोज तोच राहिला, तरच आज आणि काल यांत काय बदलले हे कळते. आधी रंगांविषयी लिहितो, कारण ती अडचण लवकर सुटण्यासारखी आहे.

फोनचा कॅमेरा प्रत्येक वेळी स्वतःच्या अंदाजाने रंगांचा तोल साधतो, त्यालाच व्हाइट बॅलन्स म्हणतात. चौकटीत केशरी रंग भरून राहिला असेल तर कॅमेरा त्याला पिवळ्या दिव्याचा परिणाम समजतो आणि त्यात निळसर छटा मिसळून तो रंग विझवतो. म्हणून कॅमेऱ्यातील प्रो पद्धत निवडून व्हाइट बॅलन्स दिवसाच्या प्रकाशावर, म्हणजे साधारण ५५०० केल्विनवर, कायम ठेवावा. प्रकाशाच्या मोजणीचेही असेच आहे. गडद पार्श्वभूमीवर फिकट फूल ठेवले तर कॅमेरा सगळेच उजळ करतो आणि पाकळ्यांवरील शिरा नाहीशा होतात. अशा वेळी एक्सपोजर, म्हणजे चित्राचा उजळपणा ठरवणारे माप, थोडे खाली आणावे. पांढऱ्या कागदावर काळपट शेंग ठेवली तर नेमके उलट होते, तेव्हा ते थोडे वर न्यावे. पार्श्वभूमी चकाकणारी नसावी. शाळेतील जुनी दगडी पाटी आणि शेणाने सारवलेली जमीन या दोन्ही माझ्या अनुभवात उत्तम ठरल्या आहेत. सारवलेल्या जमिनीचा मध्यम रंग तर फिकट आणि गडद अशा दोन्ही वस्तूंना सांभाळून घेतो.

उत्तरेची खिडकी तुम्ही योग्य निवडली आहे, पण एक गोष्ट आतापासून लक्षात ठेवा. हिवाळ्यात त्या खिडकीत थेट ऊन येत नाही. २१ मार्चच्या सुमारास संपात झाला, म्हणजे दिवस-रात्र समान झाले, की सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवू लागतो आणि मग सकाळचे तिरपे ऊन त्याच खिडकीतून आत येते. आपला प्रदेश सुमारे २१ उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत भर दुपारीदेखील सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे कललेला असतो. त्या काळात खिडकीवर जुन्या पांढऱ्या धोतराचा एकेरी पडदा लावावा. ऊन त्यातून गाळून येते आणि सावल्यांच्या कडा मऊ होतात. खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केला, तर सावलीतील भागही उजळतो.

फोन वस्तूच्या फार जवळ नेऊ नका. बरेच फोन जवळ गेल्यावर आपोआप दुसऱ्या, रुंद कोनाच्या भिंगाकडे वळतात आणि त्याने वस्तूचा आकार कडेला ताणला जातो. थोडे मागे राहून छायाचित्र काढावे आणि नंतर कडा कापाव्यात. फोन विटांवर किंवा डब्यांवर स्थिर ठेवून दोन सेकंदांचा टायमर लावला, तर बोटाच्या स्पर्शाने बसणारा हादराही टळतो. जवळून काढताना फोकसचा पट्टा अतिशय अरुंद असतो, म्हणून चपटी वस्तू फोनला समांतर ठेवावी, आणि वस्तू उंचसखल असेल तर तिचा सर्वांत महत्त्वाचा भाग कोणता हे आधी ठरवून तेथेच फोकस करावा.

आता मुख्य प्रश्न. माझे मत एकाच वस्तूच्या बाजूने आहे. जर्मनीतील कार्ल ब्लॉसफेल्ड्ट (१८६५–१९३२) यांनी बर्लिनच्या कलाशाळेत शिकवताना सुमारे तीन दशके वनस्पतींचे कोंब, कळ्या, बोंडे आणि शेंगा यांचीच छायाचित्रे काढली. कॅमेरा त्यांनी स्वतः बनवलेला होता, पार्श्वभूमी साधी, प्रकाश मऊ, आणि काही चित्रांत वस्तू तिसपटीपर्यंत मोठी केलेली. विद्यार्थ्यांना नक्षीचे मूळ वनस्पतींत दाखवता यावे एवढाच त्यामागचा हेतू होता. १९२८ साली त्यांचे पहिले पुस्तक निघाले तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. त्यांच्याजवळही रोज नव्या आश्चर्याचा साठा नव्हता. रस्त्याकडेच्या सामान्य झाडोऱ्यातूनच त्यांनी वस्तू निवडल्या. तुम्ही एक वस्तू आठवडाभर ठेवून पाहा. पहिल्या दिवशी प्रकाश डावीकडून, मग मागून, मग वरून असा घ्या. मागून प्रकाश आला की पाकळीच्या शिरा दिसतात आणि बाजूने आला की तिच्यावरील सुरकुत्या दिसतात. चार दिवसांनी फरक दिसणार नाही ही तुमची शंका त्यातूनच निवळेल.

उत्तर
चोपडा, वनस्पतिशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका

ताईंचा प्रश्न आणि वरील उत्तर दोन्ही आवडले. तरीही मला हा प्रश्न थोडा वेगळ्या बाजूने मांडावासा वाटतो. आज नवे की जुने, हे छायाचित्र काढणाऱ्याच्या सोयीने ठरवण्यापेक्षा वनस्पतीच्या स्वतःच्या वेळापत्रकाने ठरावे. टेबलावर ठेवलेले फूल सुकते ती एक घटना आहे. झाडावर राहिलेले फूल सुकते, गळते, त्याच्या मागे फळ धरते, ते फळ वाळते आणि फुटते, ही त्याहून मोठी घटना आहे, आणि तिचा पाठपुरावा रोजच्या नेमाशिवाय होऊ शकत नाही.

तुमच्याच शेतातील कपाशी घ्या. येत्या खरिपात एका झाडाला खूण म्हणून सुतळी बांधा. आपल्याकडे सर्वत्र पेरल्या जाणाऱ्या अमेरिकन जातीच्या कपाशीचे फूल उमलते त्या दिवशी मलईसारखे फिकट असते, दुसऱ्या दिवशी ते गुलाबी होते आणि मग सुकून गळते. कधी कधी सुकलेल्या पाकळ्यांची गुंडाळी कोवळ्या बोंडाच्या टोकाला तशीच चिकटून राहते. तेथून बोंड पक्व होऊन उकलायला साधारण दीड ते दोन महिने लागतात. पाते म्हणजे कळी, फूल, बोंड, फुटलेला कापूस आणि शेवटी तुम्ही वर्णन केलेले रिकामे टरफल, असा सगळा क्रम एकाच झाडावर मिळतो. मुरुडशेंगेचेही असेच आहे. तिचे फूल आधी विटकरी तांबडे असते आणि जुने होताना निळसर राखाडी होत जाते. पुढे तिची पाच फळे एकमेकांना पीळ घालत वाढतात आणि वाळल्यावर तो पीळ अधिकच घट्ट दिसतो. वाळलेली शेंग टिपताना फुलाच्या रंगबदलाचे छायाचित्र शेजारी असेल, तर पाहणाऱ्याला त्या वस्तूचा जीवनक्रम कळतो.

रंगांविषयी फोनला सगळा दोष देता येणार नाही, कारण काही रंग खरोखरच फुलातच बदलतात. झेंडूचा पिवळा-केशरी रंग कॅरोटिनॉइड वर्गातील द्रव्यांचा असतो आणि फूल सावलीत वाळवले तर तो बराच टिकतो. कुर्डू आणि बोगनवेल यांचे गुलाबी-किरमिजी रंग बीटालेन द्रव्यांचे असतात. तेही सुकल्यावर चांगले राहतात, आणि बोगनवेलीत तर ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो ती मुळात कागदासारखी पातळ छदे, म्हणजे फुलालगतची रंगीत पाने, असल्यामुळे आकारही बिघडत नाही. लाल गुलाब आणि जास्वंद यांचे रंग अँथोसायनिनचे असतात. सुकताना ते काळपट किंवा जांभळट होतात. मोगऱ्यासारखी पांढरी फुले तपकिरी पडतात, कारण पेशी मोडल्या की त्यांतील फिनॉल वर्गातील द्रव्यांचा हवेतील प्राणवायूशी संयोग होतो. टिकणारा रंग आणि तपकिरी पडणारा रंग हे दोन्ही प्रकार एकाच फुलात पाहायचे असतील तर प्राजक्त घ्यावा. त्याच्या पांढऱ्या पाकळ्या तपकिरी होऊन आक्रसतात आणि केशरी देठ मात्र केशरीच राहतो. एवढ्या लहानशा फुलात हा भेद इतका स्पष्ट दिसतो, की मी अनेक वर्षे वर्गात पहिल्या दिवशी तेच फूल घेऊन जात असे.

पळसाच्या केशरी रंगातील प्रमुख द्रव्ये फ्लॅव्होनॉइड वर्गातील आहेत आणि ती पाण्यात उतरतात, म्हणून तर होळीसाठी पळसफुलांचा रंग काढता येतो. याचा तुमच्यासाठी अर्थ असा, की दवाने भिजलेले किंवा ओल्या मातीवर पडलेले पळसाचे फूल वाळवू नये. झाडाखालचे कोरडे, त्याच सकाळी पडलेले फूल उचलावे, अंधाऱ्या आणि वाऱ्याच्या जागी वाळवावे. उन्हात वाळवलेला रंग विटतो. फुलाचा बाक कायम ठेवायचा असेल तर चाळून, धुऊन, कडकडीत वाळवलेली नदीची बारीक वाळू डब्यात घ्यावी आणि फुलाभोवती अलगद सोडावी. फुलाच्या जाडीप्रमाणे काही दिवस ते दोन-तीन आठवडे लागतात. सिलिका जेलमध्ये, म्हणजे ओल शोषून घेणाऱ्या खड्यांत, हे काम आठवड्याच्या आत होते. त्यातील निळ्या खड्यांत कोबाल्ट क्लोराइड असते, म्हणून घरात लहान मुले असतील तर नारिंगी खडे घ्यावेत.

एक विनंती मात्र आग्रहाने करते. प्रत्येक छायाचित्राबरोबर तारीख, ठिकाण, झाडाचे आपल्याकडचे नाव आणि ते झाड कुठे उभे होते, म्हणजे बांधावर, नाल्यात की डोंगरउतारावर, एवढे लिहून ठेवा. शक्य असेल तर वस्तूशेजारी पट्टी ठेवून दुसरे एक छायाचित्र नोंदीसाठी काढा. बहाव्याची शेंग तीस ते साठ सेंटिमीटर लांब असते आणि अंजनाची चपटी शेंग काही सेंटिमीटरांचीच. छायाचित्रात दोन्ही सारख्याच दिसल्या, तर पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. खानदेशात अंजनाची बने आजही आहेत. त्याचे पान दोन पर्णिकांचे असते आणि शेंगेच्या टोकाशी एकच बी असते. ही दोन्ही तुमच्या खिडकीपाशी अतिशय सुंदर दिसतील. सागाच्या पानाची जाळी हीसुद्धा आवर्जून टिपण्याची वस्तू आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात एका पतंगाच्या अळ्या शिरांमधला हिरवा भाग खाऊन टाकतात आणि शिरांचे जाळे तेवढे मागे ठेवतात.

सावधगिरीचे दोन शब्द. खाजकुयलीची शेंग सोनेरी मखमलीसारखी दिसते म्हणून तिला हात लावायचा मोह होतो, पण तिची लव त्वचेत शिरली की असह्य खाज सुटते. वाऱ्याच्या जागी तर ती हलवूही नये. गुंजेचे लाल-काळे बी चावले गेल्यास विषारी ठरते. या दोन्ही वस्तू मुलांच्या हाती लागतील अशा ठिकाणी ठेवू नयेत.

उत्तर
धडगाव, जि. नंदुरबार

मॅडमनी वेळापत्रकाचे जे लिहिले, त्याला आमच्या डोंगराचे उदाहरण जोडतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले रात्री आणि पहाटे गळतात. उजाडण्याच्या आधीपासून बायामाणसे आणि मुले टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. ताजे फूल फिकट, रसरशीत आणि जड असते; अंगणात पसरून उन्हात वाळवल्यावर काही दिवसांत ते आक्रसून तांबूस-तपकिरी होते आणि मग ते साठवले जाते. सुकलेल्या फुलांचे छायाचित्र काढणाऱ्यासाठी याहून चांगला विषय मला माहीत नाही, कारण येथे फूल वाळवणे ही शोभा नसून वर्षभराची तरतूद आहे. एकाच अंगणात एकाच वेळी आजची, कालची आणि परवाची फुले शेजारी-शेजारी पसरलेली असतात. ताईंनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या अंगणात एका नजरेत दिसते, असे मला वाटते.

पण याचबरोबर उचलण्याविषयी स्पष्टपणे लिहिणे मी माझे कर्तव्य समजतो. शहरातून येणाऱ्यांना झाडाखाली पडलेले सर्व काही बेवारस वाटते. मोहाच्या झाडाखाली पडलेले फूल कोणत्या ना कोणत्या घराचे असते. कोणते झाड कोणाचे हे गावात ठरलेले असते. वनहक्क कायदा, २००६ याने गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क वनात राहणाऱ्या या लोकांना दिलेला आहे. चारोळी, डिंक, तेंदूची पाने, बेहडा, हिरडा यांचेही तसेच आहे. म्हणून आधी विचारावे, दोन फुले मागून घ्यावीत, किंवा छायाचित्र तेथेच काढावे. मागितल्यावर आमच्याकडे कोणी नाही म्हणत नाही, उलट टोपलीतील चांगले फूल निवडून देतात.

यावल आणि अनेर या अभयारण्यांत तर पडलेले पान किंवा शेंगसुद्धा उचलू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यातून वनोपज परवानगीशिवाय बाहेर नेता येत नाही. तेथे वस्तू होती त्याच जागी, होती त्याच स्थितीत टिपावी. मला स्वतःला ती छायाचित्रे खिडकीपाशी काढलेल्या छायाचित्रांपेक्षा अधिक आवडतात, कारण शेंग कोणत्या मातीवर पडली, तिच्याभोवती कोणती पाने होती आणि मुंग्यांनी तिचा कोणता भाग नेला, हे सगळे त्यांत राहते. मोरपीस, सापाची कात, सुगरणीचा खोपा असल्या गोष्टींनाही मी हात लावत नाही.

उत्तर
जळगाव, कलाशिक्षक

मूळ प्रश्नाला थेट उत्तर देण्याइतका अनुभव वरच्या तिघांजवळ आहेच. मी एक पर्याय सुचवतो, जो चपट्या वाळलेल्या वस्तूंसाठी विशेष योग्य आहे आणि आपल्या उन्हाचा उपयोग करून घेतो. जॉन हर्शेल यांनी १८४२ साली सायनोटाइपची, म्हणजे उन्हाने कागदावर निळे ठसे उमटवण्याची, पद्धत शोधली. ॲना ॲटकिन्स या इंग्रज वनस्पती-अभ्यासक स्त्रीने १८४३ पासून समुद्रशैवालांचे ठसे त्या पद्धतीने काढून पुस्तकरूपाने वाटायला सुरुवात केली. छायाचित्रांनी सजलेले पहिले पुस्तक म्हणून आज तिच्याच कामाकडे पाहिले जाते. वाळवलेल्या वनस्पती रोज नीट मांडून त्यांची प्रतिमा घेणे हा उद्योग, म्हणजे, छायाचित्रणकलेच्या बालपणापासूनचा आहे.

कृती अशी आहे. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइड यांचे द्रावण मंद दिव्याच्या खोलीत जाड कागदावर किंवा सुती कापडावर लावून अंधारात वाळवावे. त्यावर सागाच्या पानाची जाळी, अंजनाची शेंग किंवा वावळ्याची पातळ चकती ठेवून वर काच दाबावी आणि उन्हात धरावे. मग साध्या पाण्याने धुवावे. ऊन लागलेला भाग गडद निळा होतो आणि वस्तूची जागा पांढरी राहते. आपल्या उन्हाळ्यात काही मिनिटे पुरतात. तरी प्रत्येक कागदाची वेळ आधी लहान पट्टीवर तपासून ठरवावी. हातमोजे घालावेत, रसायने आम्लापासून दूर ठेवावीत, आणि तयार चित्र साबणाने किंवा सोड्याने धुऊ नये, कारण अल्कधर्मी द्रव्याने निळा रंग उडतो.

महिन्यातून एखादा दिवस ताईंनी फोन बाजूला ठेवून हे करून पाहावे. वस्तूच्या खऱ्या मापाची प्रतिमा मिळते, त्यामुळे मॅडमनी सांगितलेली पट्टी शेजारी ठेवण्याचीही गरज उरत नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर
शहादा

सर्वांचे मनापासून आभार. भाऊंनी सांगितल्याप्रमाणे व्हाइट बॅलन्स कायम केल्यावर झेंडूचा रंग लगेच जागेवर आला. मुख्य प्रश्नाचा निर्णय मी असा घेतला आहे. बांधावरचा एक पळस, विहिरीजवळचा बहावा आणि खरिपात कपाशीचे एक झाड, अशा तीन झाडांचा वर्षभर पाठपुरावा करीन. त्यांच्यात ज्या दिवशी बदल दिसेल त्या दिवशी तेच टिपीन. मधल्या दिवसांत हाताशी असलेली एकच वस्तू आठवडाभर वेगवेगळ्या प्रकाशात पाहीन. शोधत दूर जाण्याचा विचार सोडून दिला आहे. मोहाच्या हंगामात धडगावला येण्याची इच्छा आहे आणि तेव्हा विचारूनच छायाचित्र काढीन.

मॅडम, एक शेवटची शंका आहे. टिपून झालेल्या वस्तू मी खोक्यांत ठेवते. मेमध्ये येथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा पाकळ्यांचा हात लावताच चुरा होतो, आणि पावसाळ्यात यांना बुरशी लागेल अशी भीती वाटते. या वस्तू पुढील वर्षी तुलनेसाठी हव्या आहेत. त्या कशा राखाव्यात?

उत्तर
चोपडा

उन्हाळ्यात वस्तू हाताळायच्याच असतील तर पहाटे हाताळाव्यात. त्या वेळी हवेत थोडा दमटपणा असतो, तो पाकळ्या शोषून घेतात आणि त्या किंचित लवचीक होतात. दुपारी त्याच पाकळ्या मोडतात. बोटांऐवजी सपाट टोकाचा चिमटा किंवा कागदाचा तुकडा खाली सरकवून उचलावे.

पावसाळ्यासाठीची तयारी मृग लागण्यापूर्वी पूर्ण व्हायला हवी, कारण एकदा ओल शिरली की मग डबा बंद करून उपयोग होत नाही. वस्तू कडक वाळलेली असतानाच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि सोबत सिलिका जेलची पुरचुंडी ठेवावी. खड्यांचा रंग बदलला की ते मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात. शेंगांचा धोका बुरशीपेक्षा भुंग्यांचा अधिक असतो. बाभूळ, शिरीष आणि बहावा यांच्या शेंगांत किडीची अंडी आधीपासूनच असू शकतात आणि बंद डब्यात ती इतर वस्तूंकडेही पसरते. म्हणून अशी प्रत्येक शेंग आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात आठवडाभर ते दोन आठवडे ठेवावी. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर शेंगेवर पाणी धरते.

चपटी पाने आणि फुले जुन्या वर्तमानपत्रांत दाबून ठेवताना पहिले काही दिवस कागद रोज बदलावा. सागाच्या पानाची जाळी दोन कोऱ्या जाड कागदांच्या मध्ये सैलसर ठेवावी, चिकटपट्टीने चिकटवू नये. चिठ्ठ्या डब्याच्या झाकणावर न लावता वस्तूजवळ आत ठेवाव्यात, कारण झाकणांची अदलाबदल होते, आणि त्या शिसपेन्सिलीने लिहाव्यात, कारण शाई दमट हवेत पसरते.